तयार टेपांना हात लावू नये

६ ऑगस्ट १९७३, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचायची नाही. सुनीतीने तर नाहीच. (वाचणारही नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तिला माझं अक्षर लागत नाही.)

कारण असं की मोठं काम हाती घेतलं की पहिल्या दिवसापासून टिपून ठेवावं. नंतर लोक विचारतात, सुचलं कसं?

सुचलं ते असं. इथे कलकत्त्यात गार्डन रीचला बसमधून उतरलो. ऑफिससमोरचा चहावाला मला बसच्या पायरीवर बघतो आणि मातीच्या भांड्यात चहा ओतायला घेतो. मी मागत नाही, तो विचारत नाही. टपरीशी पोहोचेपर्यंत चहा तयार. एक सेकंद वाया नाही.

आणि आमचं कॉम्प्युटर सेंटर बघा! पूर्वेकडच्या सगळ्या डेपोंतल्या सुट्या भागांची नोंद ठेवणारं एवढं मोठं मशीन, एअरकंडिशन्ड खोलीत बसवलेलं, आणि प्रत्येक टेपेसाठी ताटकळत उभं. ऑपरेटर तपन उठणार, टेपांच्या लायब्ररीच्या खिडकीशी जाणार, भौमिकबाबू चष्मा पुसणार, रजिस्टरात लिहिणार, कपाटातून टेपेचं रीळ काढणार, परत चष्मा पुसणार. तोवर मशीन आपलं गार हवा खात बसलंय.

माझी योजना: मशीनला कुठली टेप लागणार हे आधीच ओळखायचं, आणि ती मागायच्या आत आणून ठेवायची. एका ओळीत सांगता येते तीच खरी मोठी योजना.

७ ऑगस्ट

मॅनेजर माथुरसाहेबांना सांगितली. ते म्हणाले, चांगलं आहे, पण दिल्लीला आकडे लागतात. आकडे द्या, मी वर पाठवतो. आणि हसून म्हणाले की अशी योजना गाजली तर माणसाला मागेल तिथे पोस्टिंग मिळतं.

मी पुण्याचं नाव काढलं नाही. त्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

निश्चय: (१) आधी आठवडाभर फक्त मोजायचं, (२) मग योजना, (३) मग परत मोजायचं. शास्त्रीय पद्धत.

९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून मशीनशेजारी घड्याळ घेऊन बसलो आहे. एका टेपेमागे मशीन सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद थांबतं. त्यात भौमिकबाबूंच्या चष्म्याची वीस सेकंदं.

आणि आणखी वीस सेकंदं रिंगची. टेपेच्या रिळाला मागे एक खाच असते. त्या खाचेत बांगडीएवढी प्लास्टिकची रिंग बसवली तरच मशीन त्या टेपेवर लिहितं. रिंग नसेल तर फक्त वाचतं. ह्या रिंगा भौमिकबाबू एका डब्यात कुलपात ठेवतात. कोणी मागितली की मान वर करून विचारतात, लिखबेन तो? म्हणजे लिहिणार ना? समोरचा हो म्हणतो. मग हे टेपेवरचं लेबल वाचतात आणि तेच परत विचारतात. मग कुठे रिंग हातात.

एकच प्रश्न दोनदा! तीस वर्षं नोकरी झाली, ह्या ऑक्टोबरअखेर रिटायर होतायत, तरी बालवाडीतल्या बाईंसारखे विचारतात. भला माणूस आहे. पण वेळेची किंमत नाही.

१३ ऑगस्ट

योजना सुरू. एक ट्रॉली आणली. दिवसभराच्या टेपा सकाळीच ट्रॉलीवर. ट्रॉलीला जागा हवी म्हणून कोपऱ्यातली जुन्या पंच कार्डांची, म्हणजे भोकं पाडून नोंदी केलेल्या कार्डांची, खोकी काढून टाकायला सांगितली. पाच-सहा आठवड्यांची कार्डं उगीच साठवली होती. कार्डांवरचं सगळं टेपेवर गेलंच आहे, मग कार्डं हवीत कशाला? यापुढेही टेपेवर गेली की कार्डं त्याच दिवशी टाकायची, असा हुकूम दिला. पंचिंग सेक्शनच्या मिसेस दत्त म्हणाल्या की राहू द्या साहेब, असतात ती बरी. मी त्यांना प्रगतीबद्दल चार शब्द सांगितले.

चौदा टेपांपैकी नऊ बरोबर ओळखल्या.

१४ ऑगस्ट

चौदापैकी चार. पण आज माथुरसाहेबांनी कामांचा क्रम बदलला. त्यात योजनेचा काय दोष?

नको असलेल्या दहा टेपांनी ट्रॉली भरली. हव्या त्या ठेवायला जागाच उरली नाही. तपनने त्या खुर्चीवर ठेवल्या आणि स्वतः उभा राहिला. मशीन सरासरी चार मिनिटं पाच सेकंद थांबलं. पहिल्यापेक्षा जास्त! हा दिवस हिशेबात धरणार नाही. सुरुवातीला असं व्हायचंच.

१९ ऑगस्ट, रविवार

घरीही हेच तत्त्व लावायचं ठरवलं. सुनीतीला काय लागेल ते ओळखून गडियाहाटच्या बाजारातून तीन दिवसांची भाजी आणली. पडवळ, दोडका, अळू, लाल भोपळा. तिने आज मुगाची खिचडी टाकली. उद्या तिचा उपास. परवा मराठी मंडळातल्या श्यामरावांकडे जेवायला. पडवळ मऊ पडलं.

म्हणाली, अहो, विचारायला काही कर पडतो का? मी म्हणालो की विचारण्यातच तर वेळ जातो. ती म्हणाली, आणि हे पडवळ फेकण्यात नाही जात?

लीना मध्येच बंगालीत काहीतरी बोलून हसली. मुलगी मराठीत रडते आणि बंगालीत हसते. पुण्याला गेलंच पाहिजे.

२३ ऑगस्ट

आता प्रत्येक टेप लावताना तपनने वेळ लिहायची: कधी मागितली, कधी आली, कधी लागली. तीन रकाने. तो म्हणतो की लिहायलाच चाळीस सेकंदं जातात. लिहिण्याची चाळीस सेकंदं मी मोजणीतून वगळली आहेत. मोजणं वेगळं, काम वेगळं.

लोडशेडिंगमुळे दोन तास मशीन बंद. तेही वगळलं.

२९ ऑगस्ट

सरासरी: दोन मिनिटं अकरा सेकंद! एकतीस टक्के सुधारणा. (१४, १६, १७, २१, २२ आणि २७ हे दिवस विशेष परिस्थितीमुळे धरलेले नाहीत.)

माथुरसाहेबांनी आकडा दिल्लीला कळवला. माझं नाव घातलं. डी. के. खानवलकर. टाइप करताना इनिशियल चुकलं नाही ना, ते दोनदा पाहिलं.

२ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा गणपती. श्यामरावांना योजना समजावली. त्यांचा जन्म इथलाच, आजोबा कलकत्त्याला आले तेव्हापासून. मराठी बोलतात पण मधूनच बंगालीत 'की मुश्किल' म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की दिगंबरराव, बंगाली माणूस काम सावकाश करतो असं तुम्हाला वाटतं, पण जो दोनदा विचारतो त्याच्या सावकाशीला हात लावू नका. मी मोदक खाऊन विषय बदलला. इथे जन्मलेल्यांना कळकळ नसते.

८ सप्टेंबर, शनिवार

उरला फक्त रिंगांचा प्रश्न. भौमिकबाबूंशी सविस्तर बोललो. म्हणालो, तुमच्या विचारण्यात दिवसाला पाच-सात मिनिटं जातात. आठवड्याला अर्धा तास, वर्षाला किती तो हिशेब करा. ते म्हणाले की साहेब, ते वेळेसाठी नाही, विचारलं की समोरच्याचा हात थांबतो. मी म्हणालो, हात थांबायलाच तर नको आहे! मशीनला अक्कल आहे. लिहायचं नसेल तर ते लिहिणार नाही.

मला माहीत आहे की असं नसतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण बोलण्याच्या ओघात गेलं.

जरा आवाज चढला. पंचिंगच्या बायका दारातून बघत होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणालो की यापुढे ऑफिसर मागेल तेव्हा उलट प्रश्न नको. भौमिकबाबूंनी मान खाली घातली आणि चष्मा पुसला. नंतर जरा वाईट वाटलं, पण सुधारणेच्या कामात असं होतंच.

१५ सप्टेंबर, शनिवार

आज स्वतःवर खूश आहे.

सोमवारी विश्वकर्मापूजा. त्या दिवशी कलकत्त्यात कोणी मशीन चालवत नाही, मशीनची पूजा करतात. मंगळवारी महिन्याचं मोठं काम. मग म्हटलं, शनिवारीच सगळं लावून ठेवलं तर? अर्धा दिवस असल्याने दीडला लोक गेले. मी थांबलो. भौमिकबाबूंकडे रिंगांचा डबाच मागितला. त्यांनी वर बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि डबा दिला. बघा! एक सेकंद!

मंगळवारी जी कामं ज्या क्रमाने येणार त्या सगळ्या टेपा चारही ड्राइव्हवर स्वतःच्या हाताने चढवल्या. एक आणि दोन नंबरवर पहिल्या कामाच्या. तीन आणि चारवर दुसऱ्या कामाच्या, म्हणजे साठ्याची चालू मुख्य टेप आणि तिच्या आधीची.

इथे टेपांच्या तीन पिढ्या ठेवायची पद्धत आहे. चालू ती मुलगा, तिच्या आधीची ती बाप, त्याच्या आधीचा आजोबा. मुलाला काही झालं तर बापावरून परत करता येतं. तर मुलगा तीनवर, बाप चारवर. आणि सगळ्यांना रिंगा घालून ठेवल्या. म्हणजे मंगळवारी कोणाला रिंगसाठीही उठायला नको. सर्व तयार!

दारावर मोठ्या अक्षरात नोटिस लावली: तयार टेपांना हात लावू नये. इंग्रजीत, हिंदीत, आणि बंगालीत चहावाल्याकडून लिहून घेऊन. खाली सही: खानवलकर.

१७ सप्टेंबर, सोमवार

पूजा छान झाली. मशीनला झेंडूचे हार, ड्राइव्हच्या काचांवर शेंदराचे टिळे. एकेका काचेवर इतके हार की आतलं रीळ दिसेना. गच्चीवर पतंग. लीनाला घेऊन गेलो होतो. भौमिकबाबूंनी तिला प्रसाद दिला आणि बंगालीत गप्पा मारल्या. माझ्याशीही नीट बोलले. मनात काही ठेवलेलं दिसलं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार. दुपार

लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

सर्व तयार आहे म्हणून आज निवांत निघालो. दाढी सावकाश केली. एक बस सोडली. पावणेअकराला पोहोचलो.

सकाळी नऊला दिल्लीचा फोन आला होता. माथुरसाहेबांनी क्रम बदलला: दुसरं काही नको, आधी नव्या कार्डांची छाननी करून घ्या. छाननीच्या कामात मशीन वाचतं एक आणि दोनवरून, आणि लिहितं तीन आणि चारवर. तीन आणि चारवर नेहमी कोऱ्या टेपा असतात. तपनला हे पाठ आहे. मलाही पाठ आहे. तपनने दोनवरच्या हाराच्या फटीतून छाननीलाही लागते ती टेप ओळखली. तीन-चारवर हार होते, लेबल दिसत नव्हतं. हार विसर्जनाआधी काढायचा नसतो. आणि दारावर माझी नोटिस. त्याने बटन दाबलं.

मशीनने मुलावर लिहिलं. मग बापावर लिहिलं.

रिंगा नसत्या तर ते थांबलं असतं. लाल दिवा लागला असता.

१८ सप्टेंबर. रात्री जेवण झाल्यावर

विचार केला. परिस्थिती वाटते तेवढी वाईट नाही. आजोबा आहे. पाच आठवड्यांपूर्वीचा आजोबा कपाटात सुखरूप आहे. त्याच्यावर पाच आठवड्यांची कार्डं परत घातली की झालं.

कार्डं रोजच्या रोज टाकायला मीच सांगितलं होतं.

२० सप्टेंबर, गुरुवार

सगळ्या डेपोंच्या मूळ चिठ्ठ्यांवरून कार्डं परत पंच करावी लागणार. मिसेस दत्तच्या नऊ बायका. दुर्गापूजेच्या सुट्ट्या रद्द. मिसेस दत्त मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माथुरसाहेबांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणाले की योजना दिल्लीला गेली आहे, कौतुक झालं आहे, आता ती फसली असं मला लिहिता येणार नाही. चूक योजनेत नसून अंमलबजावणीत आहे. रिंगा कोणाच्या ताब्यात असतात? मी म्हणालो, भौमिकबाबूंच्या. ते म्हणाले, मग झालं.

मी काही बोललो नाही. म्हणजे खोटं बोललो असं नाही. त्यांनी विचारलं ते खरं सांगितलं. रिंगा भौमिकबाबूंच्याच ताब्यात असतात.

निश्चय: उद्या सकाळी जाऊन सांगणार की त्या टेपा मी चढवल्या, रिंगाही मीच घातल्या.

२१ सप्टेंबर

माथुरसाहेबांना सर्दी. अशा वेळी माणूस ऐकून घेत नाही.

२२ सप्टेंबर

शनिवार. अर्धा दिवस.

२४ सप्टेंबर, सोमवार

चौकशीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच आलं. इंग्रजी चांगलं म्हणून! रडावं की हसावं कळेना.

आधी खरं लिहिलं. एक पान. वाचून पाहिलं. वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस बेजबाबदार आहे. तसा मी नाही, म्हणजे ते खरं चित्र होत नाही. फाडलं.

मग लिहिलं: लॅप्स अ‍ॅट लायब्ररी लेव्हल. कोणाचंही नाव घातलं नाही. तेवढी माणुसकी ठेवली.

लायब्ररीत माणूस एकच आहे.

२६ सप्टेंबर, बुधवार

भौमिकबाबूंना मेमो मिळाला. रिटायर झाल्यावर त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळणार होती, ठरल्यात जमा होती. त्यांनी टेपांचा नवीन कॅटलॉग करायला घेतला होता, अर्धा झाला आहे, तो पुरा करायचा होता. ती मुदतवाढ गेली.

मेमो वाचून त्यांनी घडी केली, खिशात ठेवला, आणि खिडकीशी आलेल्या तपनला टेप दिली. मी काचेतून बघत होतो. चष्मा पुसला नाही आज. मला कुठे तोंड लपवू असं झालं. ट्रॉलीमागे उभा राहिलो.

त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं ना, की डबा खानवलकरसाहेबांनी नेला होता! मी लगेच कबूल केलं असतं. पण ते बोलतच नाहीत. त्याला मी काय करू? मीच त्यांना बजावलं होतं की ऑफिसरला उलट प्रश्न नको.

संध्याकाळी सुनीतीला सांगितलं. म्हणजे आमच्या ऑफिसातल्या एका ऑफिसरची गोष्ट म्हणून सांगितली. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, मग तुम्ही सांगितलंत का साहेबांना? मी म्हणालो, मी नाही, एका ऑफिसरने. ती म्हणाली, तेच विचारतेय, सांगितलंत का?

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. उद्या सांगतो म्हणालो.

४ ऑक्टोबर, गुरुवार

पूजा. गल्लीगल्लीत ढाक, म्हणजे इथले मोठे ढोल. मी ऑफिसात, कारण नऊ बायका ऑफिसात. म्हटलं आपणही यावं, आधार वाटतो.

नव्या साड्या नेसून आल्या होत्या. इथून परस्पर देवीला जाता यावं म्हणून. पदर खोचून कार्डं पंच करत होत्या. एकीची लहान मुलगी टेबलाखाली झोपली होती, नव्या फ्रॉकमध्ये. मी सगळ्यांसाठी सिंघाडे, म्हणजे इथले सामोसे, मागवले. मिसेस दत्त म्हणाल्या की आज अष्टमीचा उपास आहे साहेब. सिंघाडे मी आणि तपनने खाल्ले. पाच मी.

भौमिकबाबूही आले होते, कोणी न बोलावता. चिठ्ठ्या तारखेवार लावून एकेकीच्या टेबलावर ठेवत होते. प्रत्येक गठ्ठा देताना विचारत होते, हाच ना, आसनसोलचा? त्या वर बघून हो म्हणत. मी घड्याळ घरी ठेवून आलो होतो.

लाज वाटते. एवढंच. आज सबब नाही.

१० ऑक्टोबर, बुधवार

निश्चय: दिवाळीआधी सांगायचं. तारीख पक्की: २२.

१७ ऑक्टोबर

मनातल्या मनात इंग्रजीत वाक्य तयार केलं आहे. 'सर, इट वॉज आय.' ग्रॅमरप्रमाणे हेच बरोबर. बसमध्ये पाठ केलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

माथुरसाहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी मान वर करून म्हटलं, येस, खानवलकर? मी म्हणालो की पंख्याचा आवाज येतोय, दुरुस्तीला सांगू का? ते म्हणाले सांगा.

सांगितलं. दुरुस्त झाला.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. सुनीती कामापुरतं बोलते. मीठ पुढे सरकवते, शब्द नाही. चकल्यांचा एक डबा वेगळा काढून ठेवला आहे. कोणासाठी विचारलं तर म्हणाली, त्या ऑफिसरने ज्याचं वाटोळं केलं त्याच्यासाठी. तुम्हीच नेऊन द्या. आणि रिकाम्या तोंडाने जाऊ नका.

३० ऑक्टोबर, मंगळवार

दिल्लीचं पत्र. एकतीस टक्क्यांबद्दल अभिनंदन. सगळ्या सेंटरमध्ये योजना लागू करणार. पुण्याच्या बदलीचा 'सहानुभूतीपूर्वक विचार' होणार.

बदलीचा अर्ज करून चौदा महिने ज्या पत्राची वाट बघितली ते आलं, आणि मला ते घरी न्यावंसं वाटेना. ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर उघडून तीनदा वाचलं मात्र.

३१ ऑक्टोबर, बुधवार

भौमिकबाबूंचा निरोपसमारंभ. फुलांचा गुच्छ, शाल, छत्री. माथुरसाहेब दोन मिनिटं बोलले, त्यात तीस वर्षांना एक मिनिट. मग मला बोलायला सांगितलं. ठरवलं, आता इथे, सगळ्यांसमोर. आरपार!

उभा राहिलो. पंचिंगच्या बायका बघत होत्या. तपन बघत होता. मी म्हणालो की भौमिकबाबूंकडून मी काळजीपूर्वक काम करायला शिकलो. टाळ्या झाल्या. बसलो. मिसेस दत्तनी टाळी वाजवली नाही.

त्यांना कळलं आहे. तपनलाही कळलं असणार. कदाचित सगळ्यांनाच कळलं आहे, फक्त अहवालाला माहीत नाही.

कॅटलॉग अर्धाच राहिला.

४ नोव्हेंबर, रविवार

आज शेवट करायचा म्हणून उठलो. सुनीतीने डबा हातात दिला. आणि दारात उभी राहिली.

लाँचने हुगळी ओलांडून पलीकडे गेलो. भौमिकबाबू हावड्याच्या बाजूला शिवपूरला राहतात. दोन खोल्या, पुढे तुळस. मला पाहून इतके गडबडले की अंगात गंजी तशीच, खांद्यावर गमछा टाकून बाहेर आले. बायकोला हाक मारली, खानवलकरसाहेब आलेत म्हणून. तिने डोक्यावर पदर घेतला आणि मला वाकून नमस्कार केला. मला! मी पाय मागे घेतला तर मागे भिंत.

चकल्या दिल्या. त्यांनी एक तोडून खाल्ली, कशी करतात ते विचारलं, सांगितलेलं सगळं नीट ऐकलं. मी मनात वाक्य जुळवत होतो. ह्या वेळी बंगालीत. 'दोष आमार.' म्हणजे दोष माझा. दोनच शब्द, लीनाकडून शिकून घेतले होते.

तेवढ्यात तेच बोलायला लागले. म्हणाले की साहेब, एक गोष्ट मनात राहिली होती, तुम्ही आलात बरं झालं. चौकशीत सगळे बोलले. माथुरसाहेबांनी तर माझं नाव घेऊन सांगितलं. तुम्ही एकट्याने अहवालात माझं नाव लिहिलं नाहीत. मी तो वाचला आहे. नुसतं लायब्ररी लेव्हल लिहिलंत. तुम्हाला लिहिता आलं असतं. मी हिला तेव्हाच सांगितलं की एक माणूस आहे तिथे.

बायकोने मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

मग म्हणाले, चूक माझीच आहे. तुम्ही ऑफिसर, तुम्हाला घाई होती, पण माझं काम विचारण्याचं होतं. तीस वर्षांत एकदाच विचारलं नाही. त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. अजून रोज पहाटे उठतो आणि मनात विचारतो, लिखबेन तो? आणि तुम्ही म्हणता, नाही नाही, थांबा.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. बायकोने पुढे संदेश मिठाईची बशी केली. मी एक घेतला. तो संपायच्या आत दुसरा घेतला.

ते मला जेट्टीपर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. लाँचला उशीर होता. वीस मिनिटं आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो आणि जवळ कोणी नव्हतं.

संध्याकाळी सुनीतीने दारातच विचारलं, सांगितलंत? मी हो म्हणालो. तिने मोठा श्वास घेतला. ताट वाढलं, समोर बसली, महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग हळूच विचारलं की काय म्हणाले हो ते?

मी म्हणालो, त्यांनी माफ केलं.

ती म्हणाली, देवमाणूस आहे. मी म्हणालो, हो. आणि भात मागितला.